पाचवा रकाना

सकाळी दहा वाजता दीनानाथ खांबेटे संगणकासमोर बसत, स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम उघडत आणि पाच रकाने भरत. भरताना मोठ्याने म्हणत, "शहाण्णवशे. आठ. पॅरिटी नाही. स्टॉप एक." पाचवा रकाना ते म्हणत नसत. तिथे फक्त माऊसची एक टिचकी वाजे. मग एम्बॉसर सुरू होई आणि नारायण पेठेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या काचा थरथरू लागत. खालच्या मजल्याने तक्रार करणं पहिल्या दोन वर्षांतच सोडून दिलं होतं.

एम्बॉसर म्हणजे जाड कागदावर ब्रेलचे ठिपके उठवणारं यंत्र. हे जुनं होतं, सीरियल पोर्ट या जुन्या पद्धतीच्या जोडणीवर चालणारं. अशा यंत्राशी संगणकाने किती वेगाने बोलायचं, एकेका अक्षराचे किती तुकडे करून पाठवायचे, अक्षर संपलं हे कसं कळवायचं, ते सगळं आधी ठरवून द्यावं लागतं. दोन्हीकडचं जुळलं तर यंत्र नीट छापतं, नाही जुळलं तर कचरा. नव्या प्रिंटरना यातलं काही लागत नाही. दीनानाथांना नव्या प्रिंटरविषयी फारसा आदर नव्हता. भोसरीच्या एका कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंटेशनचे इंजिनिअर होते आणि यंत्राला काय हवं ते माणसाने लक्षात ठेवावं, अशा मताचे होते. रकाने एकदा भरून कायमचे सेव्ह करता आले असते. "सेव्ह केलं की माणूस आळशी होतो," असं म्हणून ते रोज नव्याने भरत.

त्यांची बायको सुनीती सहाव्या वर्षापासून दृष्टिहीन. अंध मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवून ती निवृत्त झाली. त्या शाळेच्या परीक्षांचे ब्रेल पेपर याच घरातून जात. शाळा फाईल पाठवी, दीनानाथ छापत, सुनीती प्रत्येक पान बोटांनी वाचे आणि मगच गठ्ठा बांधला जाई. सव्वीस वर्षांत एकही पेपर परत आला नव्हता. ही गोष्ट दीनानाथ पाहुण्यांना सांगत, आणि सांगताना 'मी' म्हणत नसत, 'आम्ही दोघं' म्हणत.

जूनमध्ये जुना संगणक बंद पडला. नवा बसवायला चैताली आली. ती धायरीला राहायची आणि पेठेतच तिचं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. नव्या संगणकाला सीरियल पोर्टच नव्हता. तिने कनव्हर्टर केबल आणून लावली, प्रोग्रॅम चालू करून दिला आणि विचारलं, "काका, सेटिंग टाकू?"

"तू बालवाडीत होतीस तेव्हापासून टाकतोय," दीनानाथ म्हणाले. "चहा घे आणि नीघ."

महिन्याभराने सुनीतीला पहिली गळती सापडली. दीनानाथ तिच्यासाठी एक कादंबरी प्रकरण-प्रकरण करून छापत होते. प्रकरण बारा पानांचं आहे, असं त्यांनीच सांगितलं होतं. हातात नऊ पानं आली. पहिली दोन नीट होती. पाचव्या पानावर एक बाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती आणि पुढच्याच ओळीत पिशवी घेऊन एसटी स्टँडवर उभी होती. कादंबरीकार असं करतात, असं सुनीतीने मनाला समजावलं. सातव्या पानावर एका वाक्याला क्रियापदच नव्हतं. असं कादंबरीकार करत नाहीत.

तिने सांगितलं तेव्हा दीनानाथ चिडले. "माझ्या छपाईत?" एवढंच म्हणाले, पण आवाज चढलेला होता. अडतीस वर्षांच्या संसारात त्यांचा आवाज तीन-चारदा चढला असेल, तोही यंत्रावरून कधीच नाही. त्या दुपारी ते जेवले नाहीत. सुनीतीने पुन्हा विषय काढला नाही.

तिने दुसरा मार्ग काढला. शाळेचा पेपर छापून झाला की ती म्हणे, "अहो, मूळ एकदा वाचून दाखवा ना, मला जुळवून बघायचंय." ते पडद्यावरून वाचत. वाचन अजून खणखणीत होतं. ती बोटाने जागा धरून ठेवी आणि जेवणानंतर ते आडवे झाले की गॅलरीत बसून, ब्रेलच्या पाटीवर हाताने टोचून, गळलेल्या ओळींचा कागद करून मध्ये सरकवी. जुलैपासून प्रत्येक पेपराला तिने हे केलं. चैतालीला एक फोन केला असता तर भागलं असतं. पण चैताली येणार, रकाने बघणार आणि काकांचं काय चुकलं ते काकांसमोर घडाघडा बोलणार. फोन राहिला.

जानेवारीत दहावीच्या सराव परीक्षेचा गणिताचा पेपर आला. वाचून दाखवताना दीनानाथ तिसऱ्या प्रश्नावर थांबले.

"सुनीती, तुझा माझ्यावर विश्वास उरलेला नाही का?"

"आहे की."

"मग हे कशाला?"

तिने ते तिथेच थांबवलं. उरलेला पेपर नुसत्या बोटांनी तपासला. सगळी वाक्यं पूर्ण होती. गठ्ठा गेला.

आठ दिवसांनी शाळेच्या मुख्याध्यापक शर्मिला घरी आल्या. बरोबर दहावीतली तनया होती. तनयाने चप्पल काढायच्या आधीच कागद पुढे केला.

"काकू, प्रश्न चार वाचा."

सुनीतीने बोट फिरवलं. 'एका आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा आठ मीटरने जास्त आहे. तर बागेच्या कर्णाची लांबी किती?'

"बरं, मग?"

"मग काय बरं? काढायचं कशावरून? मी पाऊण तास घालवला काकू. एक्स धरला, वाय धरला, शेवटी देव धरला. मागचे दोन प्रश्न राहिले माझे."

"छापील पेपरात मध्ये एक ओळ आहे," शर्मिला म्हणाल्या. " 'बागेची परिमिती एकशे बारा मीटर आहे.' ब्रेलमध्ये नाही. तेराही मुलींच्या पेपरात नाही."

आतल्या खोलीतून दीनानाथ बाहेर आले. "आमच्या वेळी गणित सुटलं नाही की मास्तरांकडे जायचे. हल्ली छापखान्यात येतात वाटतं."

"काका, मास्तरांनाही नाही सुटलं," तनया म्हणाली.

ते मनापासून हसले. मग संगणकावर फाईल उघडून त्यांनी ती ओळ वाचून दाखवली. "ही बघा. फाईलमध्ये आहे. यंत्र फाईलमध्ये असतं तेच छापतं. कागदावर असणारच." जरा थांबून म्हणाले, "बोटाखालून निसटली असेल. सुनीतीचं वय झालं आता."

ओळ कागदावर असती तर बोटाला लागली असती. तनयाने तीच ओळ पाऊण तास शोधली होती. तिच्या हातातल्या कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

"हो," सुनीती म्हणाली. "माझ्याकडूनच निसटली. चूक माझी, शर्मिला."

निघताना शर्मिलांनी तिला जिन्यापाशी घेतलं. "सोमवारी इतिहासाचा पेपर पाठवते. बावीस पानं आहेत. हा नीट आला नाही तर मला काम दुसरीकडे द्यावं लागेल. मुलींची बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे. मला हे बोलायला आवडत नाहीये, सुनीती."

"तुला बोलायलाच हवं."

दार लावून सुनीती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. दिवाळीनंतर दीनानाथांनी शब्दकोडं सोडवणं बंद केलं होतं. ब्रिज खेळायला जाणंही बंद केलं होतं. तिथली माणसं हल्ली कंटाळवाणी झालीत, असं कारण होतं. हे काम गेलं तर दहा वाजता खुर्चीत बसायला काहीच उरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते ओंकारेश्वराकडे फिरायला गेल्यावर तिने चैतालीला बोलावलं. चैतालीने रकान्यांची खिडकी उघडली आणि दोन मिनिटांत म्हणाली, "काकू, चार परफेक्ट आहेत. पाचवा 'नन' ठेवलाय. फ्लो कंट्रोल."

"मराठीत सांग."

"यंत्र सावकाश छापतं आणि कॉम्प्युटर भराभर पाठवतो. यंत्राच्या पोटात थोडीच जागा असते. ती भरली की ते केबलमधून सांगतं, थांब. या रकान्यात 'हार्डवेअर' असेल तर कॉम्प्युटर थांबतो. 'नन', म्हणजे 'काही नाही', असेल तर तो बघतच नाही, पाठवत सुटतो. जास्तीचं सगळं वाया. म्हणून पहिली दोन पानं बरोबर येतात आणि मग ओळी गळतात."

"दुरुस्त करायला किती वेळ लागेल?"

"झालं."

त्यांनी तेच कादंबरीचं प्रकरण छापून बघितलं. बारा पानं आली. सुनीतीने ती यंत्राशेजारी उभ्यानेच वाचली. बाई एसटी स्टँडवर कशी पोचली ते तिला सात महिन्यांनी कळलं. मध्ये दीड पानाचं भांडण होतं, चांगलं लिहिलेलं. संध्याकाळी तिने मुद्दाम भरली वांगी केली. नवा संगणक, नवी केबल, त्यात एक रकाना चुकला. कोणाचाही चुकला असता. माणसाला काही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"शहाण्णवशे. आठ. पॅरिटी नाही. स्टॉप एक."

मग टिचकी यायला हवी होती. आली नाही. खुर्ची जराशी करकरली. माऊस पुढे गेला, मागे आला. दीनानाथांचा श्वास तिला ऐकू येत होता, अनोळखी घराचं दार वाजवून उभा राहिलेला माणूस घेतो तसा. जवळजवळ मिनिट गेलं.

"आणि... हं. काही नाही," ते म्हणाले, आणि टिचकी वाजली.

"अहो, पाचव्यात हार्डवेअर असतं ना?"

"तेच भरलंय."

बारा पानांचं प्रकरण नऊ पानांत संपलं. दीनानाथ खोटं बोलले की त्यांचा आवाज कसा येतो ते सुनीतीला पक्कं माहीत होतं. हा तो आवाज नव्हता.

त्याच आठवड्यात ते डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी आज वार कोणता ते विचारलं. "तुमच्या भिंतीवर कॅलेंडर आहे," दीनानाथ म्हणाले, "वाचता येत नसेल तर माझी बायको शिकवेल." डॉक्टर हसले. वार मात्र दीनानाथांनी सांगितला नाही. स्कॅन झाले आणि डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. परतताना रिक्षात दीनानाथ तिला अलका चौकात कसं खोदून ठेवलंय ते सांगत राहिले.

सोमवार उद्यावर आला होता. चैताली पुन्हा आली.

"कायमचं सेव्ह करून पासवर्ड टाकते, काकू. मग काकांना रकाने उघडताच येणार नाहीत."

"मग ते दहा वाजता काय करतील?"

चैतालीने माऊसवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "एक करता येईल. पण ते जरा चीटिंग आहे."

"सांग."

"खिडकी तशीच ठेवते. काका भरतील, ओके करतील. पण ते भरतील ते कुठेच जाणार नाही. खरी सेटिंग मी आत प्रोग्रॅममध्ये पक्की लिहिते."

"त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये."

"हो."

सुनीतीने मान हलवली. चैताली वीस मिनिटं टाइप करत होती. मध्येच म्हणाली, "काय नीट लिहिलंय काकांनी! प्रत्येक ओळीला मराठीत टीप आहे."

"पाचव्या रकान्याला काय टीप आहे?"

चैताली वाचायला लागली आणि थांबली. मग हळू आवाजात तिने वाचलं, " 'हे विसरू नये. सुनीतीची पानं गळतील.' "

"ती टीप राहू दे," सुनीती म्हणाली.

इतिहासाची बावीसच्या बावीस पानं आली. शर्मिलांनी फोन करून कळवलं, तेव्हा दीनानाथांनी फोन हातात घेऊन म्हटलं, "मग? यंत्र कोणाचं आहे!" त्यानंतर आठवीचा, सहावीचा, असे पेपर येत राहिले. रोज दहा वाजता ते रकाने भरत. चौथ्यानंतर कधी टिचकी वाजे, कधी दोन-तीनदा वाजे, कधी वाजतच नसे. यंत्र नीट चाले. सुनीतीने ब्रेलची पाटी कपाटात ठेवून दिली.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी दीनानाथ उठले ते स्वच्छ डोक्याने. त्यांनी पेपर मागवला, अग्रलेखातली एक चूक काढली, चैतालीच्या वडिलांच्या ऑपरेशनचं काय झालं ते आपणहून विचारलं. सुनीतीला इतका आनंद झाला की तिने शिरा करायला घेतला. रवा भाजत असतानाच दहा वाजले.

"तीनशे," बाहेरून आवाज आला.

तिचा हात थांबला. यंत्र सुरू झालं. नेहमीसारखंच चाललं. थांबलं.

"एकशे दहा."

यंत्र पुन्हा नेहमीसारखंच चाललं. खुर्ची मागे सरकली.

"सुनीती, इकडे ये."

तिने गॅस बंद केला आणि गेली.

"माझ्या हातून चुका होतायत आणि यंत्र मात्र चुकत नाही, म्हणून मी मुद्दाम वेग तीनशे भरला. यंत्राने कचरा छापायला हवा होता. नीट छापलं. मग एकशे दहा भरला, तरी नीट." आवाज शांत होता, कारखान्यात वरिष्ठांना अहवाल द्यावा तसा. "म्हणजे ही खिडकी कशालाच जोडलेली नाही."

"नाही."

"कोणी केलं?"

"मी. चैतालीकडून करून घेतलं."

"कधीपासून?"

"इतिहासाच्या पेपरापासून."

"आणि त्याच्या आधी?"

तिने सगळं सांगितलं. नऊ पानं, गॅलरीतली पाटी, तनयाची बाग. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"परिमितीची ओळ माझ्यामुळे गेली."

"हो."

"आणि मी ते तुझ्या बोटांवर ढकललं. त्या पोरीसमोर."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ तो त्यांनी उचलल्याचा आवाज आला नाही.

"माझं जे व्हायचं ते होईल," अखेर ते म्हणाले. "पण रडणाऱ्या पोराच्या हातात बंद रिमोट देतात, तसं मला बसवू नकोस. एवढं कर. हे काढून टाक. उद्यापासून मी इथे बसणार नाही. शर्मिलाला मी स्वतः सांगतो."

"काढते."

"वचन दे."

तिने दिलं.

दुसऱ्या दिवशी चैतालीला फोन लावायला तिने मोबाईल हातात घेतला तेव्हा दहा वाजत होते. खुर्ची पुढे सरकली. "शहाण्णवशे. आठ. पॅरिटी नाही," दीनानाथ म्हणाले, आणि मग उत्साहाने, "सुनीती, आज कुठला पेपर आहे गं?"

आवाजात कालचं काही नव्हतं. तिने वाट बघितली. काहीच नव्हतं.

"सातवीचा भूगोल," ती म्हणाली आणि मोबाईल खाली ठेवला.

मार्चमध्ये ते पुन्हा घडलं. मग एप्रिलमध्ये दोनदा. दर वेळी ते तीच परीक्षा घेत, आधी तीनशे, मग एकशे दहा, कारण ती घ्यायची योग्य रीत तीच होती. दर वेळी तेच प्रश्न त्याच क्रमाने येत. दर वेळी त्यांना तनयाची गोष्ट पहिल्यांदाच कळे आणि 'त्या पोरीसमोर' म्हणताना आवाज त्याच जागी तुटे. एप्रिलमधल्या दुसऱ्या वेळी तिने तनयाला वगळून सांगायचा प्रयत्न केला. "काहीतरी गाळतेयस," ते लगेच म्हणाले. दर वेळी त्यांनी वचन घेतलं, तिने दिलं, आणि दुसऱ्या दिवशी कुठला पेपर ते सांगितलं.

मे महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, "चांगले दिवस किती येतात आता?"

"कमी झालेत," सुनीती म्हणाली.

"वाईट वाटतं ऐकून," डॉक्टर म्हणाले. ती पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली. कमी झालेत म्हणताना तिला हलकं वाटलं होतं, आणि हे तिला जगात कोणालाही सांगता येणार नव्हतं.

त्यानंतरच्या गुरुवारी दीनानाथ उठून गॅलरीत गेले आणि तिथूनच म्हणाले, "सुनीती, आज डोकं कसं छान मोकळं वाटतंय बघ. पेपर आला का?"

"आलाय. देते."

तिने चहा केला. त्यांनी पेपरातल्या दोन बातम्या वाचून दाखवल्या, एकीवर कोटी केली, ती हसली. पावणेदहाला तिने कणीक झाकून ठेवली, हात धुतले, पदराला पुसले आणि यंत्राशेजारच्या स्टुलावर जाऊन बसली.

दहा वाजता दीनानाथ आले. "आज तू इथे कशी?"

"अशीच."

त्यांनी जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. संगणक सुरू झाल्याचा आवाज आला. मग खिडकी उघडल्याची टिचकी वाजली.

"तीनशे," दीनानाथ म्हणाले.